सल्लागार पेढीतील नोकरी : काय गोड, काय कडू

अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात सल्लागार म्हटले की आजही बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. दोन खोल्यांचे ऑफिस, फायलींच्या ओझ्याने वाकलेली फळी, दोन-तीन कॉम्प्युटर आणि आत बसलेले वकील साहेब किंवा सी.ए. साहेब. आधी विक्रीकर होता, २००५ पासून व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला. कर बदलत गेला, ऑफिस तेच राहिले. पण आपल्या घरांतील मुले-मुली बी.कॉम., सी.ए., एम.बी.ए. किंवा इंजिनियर होऊन पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगलोरच्या ज्या 'कन्सल्टिंग फर्म'मध्ये लागतात, ते प्रकरण निराळे आहे. वडील सुतारकामात, कापडात, हार्डवेअरमध्ये किंवा डाळीच्या दलालीत. मुलाची नोकरी नेमकी कसली, हे त्यांना नातेवाइकांना धड सांगता येत नाही. "मोठ्या कंपन्यांना सल्ला देतो" म्हणावे तर समोरचा विचारतो, "पंचवीस वर्षांचा पोरगा कसला सल्ला देतो, भाई?"

प्रश्न रास्त आहे. या नोकरीत लोकांना काय आवडते आणि कशाने ते वैतागतात, हे कळायचे तर आधी या प्रश्नाचेच उत्तर शोधावे लागेल.

धंदा कसा चालतो

फर्निचरच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. गिऱ्हाईक उस्तादचे नाव ऐकून येते. माप, नमुना आणि भाव उस्ताद ठरवतो. रंधा मारणे, पॉलिश पेपर घासणे, चुका मारणे हे काम शागिर्द करतात. शेवटचा हात पुन्हा उस्तादचा. बिल मात्र साऱ्या कामाचे उस्तादच्या नावावर निघते. शागिर्दाला महिन्याचा पगार मिळतो, त्याच्या दिवसभराच्या कामाचे गिऱ्हाइकाकडून जे वसूल होते ते पगारापेक्षा जास्त असते, आणि मधला फरक हाच कारखान्याचा नफा.

सल्लागार पेढीचा हिशेब याहून वेगळा नाही. वर थोडे भागीदार, त्यांना 'पार्टनर' म्हणतात. मध्ये मॅनेजर. खाली मोठ्या संख्येने नवी मुले. कामे आणतो पार्टनर. आकडे गोळा करणे, गोदामात जाऊन माल मोजणे, कंपनीच्या कामगारांशी बोलणे, तक्ते करणे, अहवाल लिहिणे हे नव्या मुलांकडे. पेढी त्यांचा वेळ महिन्याच्या भावाने विकत घेते आणि दिवसाच्या भावाने विकते. म्हणून प्रत्येकाला आपला दिवस कोणत्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर गेला ते लिहून द्यावे लागते. पंचवीस वर्षांचा पोरगा सल्ला देत नाही. तो सल्ल्याचा कच्चा माल तयार करतो, आणि ते करता करता सल्ला कसा द्यायचा ते शिकतो. मुलगा फोनवर "क्लायंटकडे आहे" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की तो गिऱ्हाइकाच्या दारात बसला आहे, जसे आपण आयुष्यभर बसत आलो.

या धंद्याचे मूळही हिशेबाच्या वह्यांत आहे. जेम्स मॅकिन्सी हा अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचा हिशेबशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १९२६ साली आपली पेढी काढली. कंपनीच्या वह्या तपासता तपासता धंदा कोठे गळतो आहे तेही दिसते, मग ते सांगण्याचे वेगळे पैसे का घेऊ नयेत, असा हा विचार. आज डेलॉइट, पी.डब्ल्यू.सी., ई.वाय. आणि के.पी.एम.जी. या चार पेढ्यांना जगभर 'बिग फोर' म्हणतात. त्या मुळात वह्या तपासणाऱ्याच आणि सल्ल्याचे काम त्यांनी पुढे वाढवले.

एक घोटाळा येथेच दूर केलेला बरा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टी.सी.एस., ही १९६८ ची कंपनी. तिच्या नावात कन्सल्टन्सी आहे, पण तिचे मुख्य काम कॉम्प्युटरची व्यवस्था उभारणे आणि चालवणे हे आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेरा, शेगाव येथून निघणारी बरीच मुले अशा कंपन्यांत जातात. नागपूरच्या मिहानमध्येही त्यांच्या इमारती आहेत. तेथले जीवन आणि व्यवस्थापन सल्ला देणाऱ्या पेढीतले जीवन यांत फरक आहे. तरी माणसाचा वेळ विकण्याचे तत्त्व दोन्हीकडे सारखे असल्यामुळे तक्रारी पुष्कळशा सारख्याच निघतात.

लोकांना काय आवडते

पगार हे उत्तर पहिले सुचते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या पेढ्यांत काम केलेल्यांना विचारा, बहुतेक जण शिकायला मिळाले हेच आधी सांगतात. एका सिमेंट कंपनीत लेखापाल म्हणून लागलेला मुलगा दहा वर्षे सिमेंटच पाहतो. सल्लागार पेढीतला मुलगा तीन वर्षांत औषधाचा कारखाना, बँक, साखर कारखाना, सरकारी खाते, मोटारीचे सुटे भाग असे पाच धंदे आतून पाहतो. त्यांच्या वह्या, मालकांचे वाद आणि गोदामात अडकलेला पैसाही त्याच्या नजरेस पडतो. बाजारातल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. दुसऱ्याच्या दुकानाची खातेवही पाहायला मिळावी म्हणून आपल्यापैकी कितीजण काय देणार नाहीत!

हे लहान प्रमाणात अकोल्यातही घडते. कर सल्लागाराकडे दोन-तीन वर्षे काम केलेल्या होतकरू मुलाला एम.आय.डी.सी.तल्या दाल मिलचा नफा कोणत्या महिन्यात होतो, जिनिंगवाल्याचे भांडवल सरकीत किती आणि रुईत किती अडकते, कापड दुकानदाराची उधारी कोठे बुडते, हे सारे ठाऊक झालेले असते. असा मुलगा पुढे स्वतःचा धंदा काढतो तेव्हा इतरांनी नुकसान सोसून शिकलेल्या गोष्टी त्याला फुकटात माहीत असतात.

सोबतच्या माणसांबद्दलही लोक आपुलकीने बोलतात. हुशार, मेहनती, समवयस्क मुलांची टोळी आणि रात्री उशिरापर्यंत एकत्र केलेले काम यांतून जुळलेली मैत्री नोकरी सुटल्यावरही टिकते. त्यातून पुढे नोकऱ्या मिळतात, भागीदाऱ्या होतात. वऱ्हाडातल्या ज्या मुलाचे पुण्या-मुंबईत कोणी चाचा-मामा नाही, त्याला ही ओळखीची साखळी पगाराइतकीच मोलाची.

पेढीच्या नावाचेही तसेच. दोन-तीन वर्षे मोठ्या पेढीत काढली की पुढची दारे लवकर उघडतात. पेढ्याही सोडून जाणाऱ्याशी वैर धरत नाहीत, कारण आज गेलेला माणूस उद्या एखाद्या कंपनीत मोठ्या जागेवर बसतो आणि गिऱ्हाईक म्हणून परत येतो. आपल्याकडे कारागीर सोडून गेला की त्याला नमकहराम म्हणण्याची पद्धत आहे. याबाबतीत या पेढ्यांकडून शिकण्यासारखे आहे.

नाव ही चीज मात्र काचेच्या भांड्यासारखी. आर्थर अँडरसन ही एकेकाळी जगातल्या पाच सर्वांत मोठ्या हिशेब पेढ्यांत गणली जाई. एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यात तिच्या तपासनिसांचे वागणे उघडे पडले आणि २००२ साली ती पेढी जवळजवळ संपली. जगभरातील तिचे सुमारे ८५,००० कर्मचारी, ज्यांतील बहुतेकांनी एन्रॉनची वही कधी पाहिलीही नव्हती, त्यांना दुसरीकडे जागा शोधावी लागली.

कशाचा जाच होतो

वेळ ही तक्रार पहिली. तास जास्त आहेत एवढेच तिचे स्वरूप नाही. हंगामात जिनिंग दिवसरात्र चालते आणि ईदच्या आधीच्या पंधरवड्यात शिलाईवाल्याच्या मशीनला उसंत नसते, तेव्हा लांब तासांचे आपल्याला नवल नाही. पण हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे आपल्याला ठाऊक असते. सल्लागार पेढीतल्या मुलाला आजची संध्याकाळ आपली आहे की नाही हे संध्याकाळी सात वाजता कळते. गिऱ्हाइकाने उद्या सकाळी बैठक बोलावली, मॅनेजरने तक्ते बदलायला सांगितले, की रात्र गेली. सुटीसाठी काढलेले तिकीट रद्द करावे लागते. घरातले लग्न दोन महिने आधी ठरलेले असते, तरी मुलगा बारातीच्या दिवशी सकाळी उतरतो आणि वलीमा आटोपून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत निघतो. "शरीर थकते त्याचे काही नाही, पण कोणाला शब्द देता येत नाही" ही या लोकांची खरी बोच आहे.

दुसरी तक्रार कारागिरांना चटकन समजेल. सुताराने केलेले कपाट वीस वर्षे कोणाच्या तरी घरात उभे दिसते. सल्लागाराने महिनोन्महिने खपून केलेला अहवाल पुष्कळदा कपाटातच राहतो. बॉम्बे फर्स्ट या संस्थेसाठी मॅकिन्सीने २००३ साली 'व्हिजन मुंबई' हा अहवाल तयार केला होता. दहा वर्षांत मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करण्याची ती योजना. त्यातले काय झाले आणि काय राहिले, हे मुंबईला जाऊन येणारा वाचक जाणतोच. अहवाल वाईट असतात असे नाही. सल्ला देणे आणि तो अमलात आणणे यांत मोठे अंतर असते, आणि आपल्या हाताने काहीच घडत नाही ही भावना तिशीच्या आसपास अनेकांना या धंद्यातून बाहेर काढते.

तिसरे दुखणे तोलाचे. बऱ्याच पेढ्यांत दरवर्षी प्रत्येकाला एक पायरी देतात आणि ती एकमेकांशी तुलना करून ठरते. सगळेच हुशार असले तरी कोणाला तरी खाली ठेवावे लागते. मग जो सोबती रात्री चहा पाजतो त्याच्याशीच मार्चमध्ये स्पर्धा. यातला कडवटपणा पेढ्यांच्याही लक्षात आला आहे. डेलॉइटने २०१५ मध्ये वर्षातून एकदा गुण देण्याची आपली जुनी पद्धत मोडून नवी आणत असल्याचे जाहीर केले होते. त्याहून कडक नियम म्हणजे 'वर चढा नाहीतर बाहेर पडा'. ठराविक वर्षांत बढती मिळाली नाही तर दुसरी नोकरी शोधा, असे सभ्य शब्दांत सुचवले जाते. आपल्याकडे एकाच दुकानात तीस वर्षे इमानाने खतावणी लिहिणाऱ्या मुनीमजींना मान असतो. तेथे त्याच जागेवर राहणे हीच कमतरता.

काम संपून नवे मिळेपर्यंत माणूस रिकामा असतो, त्याला 'बेंचवर' म्हणतात. पगार चालू असतो, पण झोप उडते. टी.सी.एस.ने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार वर्षात २२५ दिवस गिऱ्हाइकाच्या कामावर भरले पाहिजेत आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहू नये. त्यानंतर काही आठवड्यांतच त्या कंपनीने सुमारे १२,००० जागा, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. अॅक्सेंचरने मार्च २०२३ मध्ये १९,००० चा आकडा सांगितला होता. त्यात आता आकडे गोळा करून तक्ते मांडण्याचे काम यंत्रबुद्धी करू लागली आहे. नवशिके जे काम करून शिकत होते तेच हे काम. रंधा मारण्याचे काम मशीनने घेतले तर नवा शागिर्द लाकूड ओळखायला कोठे शिकणार, हा प्रश्न या पेढ्यांपुढेही उभा आहे.

बाकी साहेब चांगला मिळाला तर सगळे गोड आणि वाईट मिळाला तर सगळे कडू, हे कोणत्याही नोकरीत असते. त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

पुण्यातील घटना आणि कायदा

२०२४ साली या विषयाची देशभर चर्चा झाली ती पुण्यामुळे. केरळातून आलेली २६ वर्षांची सी.ए. तरुणी मार्च २०२४ मध्ये ई.वाय.च्या गटातील एस. आर. बाटलीबॉय या पेढीच्या पुणे कार्यालयात रुजू झाली आणि जुलैमध्ये तिचे निधन झाले. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली आणि तिच्या दफनविधीलाही पेढीचे कोणी आले नाही, असे पत्र तिच्या आईने पेढीच्या भारतातील प्रमुखांना लिहिले. सप्टेंबरमध्ये ते जाहीर झाले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे पेढीच्या प्रमुखांनी मान्य केले नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने आणि केंद्राच्या श्रम खात्याने दखल घेतली. मृत्यूचे कारण काय, हे सांगण्याचा अधिकार आपला नाही. पण राज्याच्या श्रम खात्याचे अधिकारी कार्यालयात गेले तेव्हा एक गोष्ट उघड झाली. २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज केला होता, तो उशिरामुळे नामंजूर झाला होता.

हातगाडीवाल्याला आणि चार फुटांच्या दुकानाला परवान्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना या माहितीवर टिप्पणीची गरज नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ त्या वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झाला. त्यात मुळात रोज ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती, आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने रोजची मर्यादा १० तासांवर नेण्याचा निर्णय घेतला, आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले. मेख अशी की व्यवस्थापकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या जागेवरील माणूस या कायद्याच्या बाहेर राहतो. सल्लागार पेढ्यांत दोन वर्षांतच पोराच्या नावापुढे काहीतरी 'मॅनेजर' लागते. हुद्दा वाढल्याचे पेढे वाटताना हेही ध्यानात असू द्यावे.

याच कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. म्हणजे दोन्ही ईदच्या सुट्यांबद्दल बोलायचे तर ते डिसेंबरमध्ये बोलायचे असते. चाँदरातीला अर्ज घेऊन साहेबांपुढे उभे राहण्यात हशील नाही. जुम्माच्या नमाजसाठी वेळ मिळण्यात मोठ्या पेढ्यांत सहसा अडचण येत नसल्याचे ऐकतो. अडचण येते ती गिऱ्हाइकाच्या कार्यालयात बसून काम असते तेव्हा, आणि तीही आधी सांगितले तर बहुधा सुटते. दारूच्या किंवा सट्ट्याच्या धंद्याचे काम आपल्याकडे येऊ नये असे ज्याला वाटते, त्याने ते मॅनेजरला सुरुवातीलाच सांगून ठेवावे. काम वाटून झाल्यावर नकार दिला तर तो कामचुकारपणा वाटतो.

मुलींच्या बाबतीत रात्रीचा प्रश्न असतो. या कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊनंतर थांबवायचे तर तिची संमती हवी, आणि सुरक्षेची व घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची. मुलगी लग्नानंतर नोकरी सोडणारच, असे मानून तिला मोठी कामे न देण्याची खोड सल्लागार पेढ्यांनाही होती. अमेरिकेतील डेलॉइटने १९९० नंतर आपल्या सोडून गेलेल्या स्त्रियांची चौकशी केली तेव्हा आढळले की बहुतेकजणी घरी बसल्या नव्हत्या. त्या दुसरीकडे नोकरी करत होत्या. येथे वर जाण्याची वाट दिसत नाही म्हणून त्या गेल्या होत्या. १९९३ पासून त्या पेढीने यावर वेगळा कार्यक्रमच हाती घेतला.

तासाचा भाव काढून पाहा

मुलाला पुण्यात ८० हजारांची नोकरी लागली की घरात आनंद होतो, आणि व्हावाही. पण व्यापाऱ्याने हिशेब एकदा तासावर आणून पाहावा. समजा आठवड्याला ७० तास काम आहे. चार आठवड्यांचे २८० तास झाले. खोलीभाडे, जेवण, जाणे-येणे यांत ३० हजार गेले, उरले ५० हजार. तासाला साधारण १७९ रुपये. आता समजा तोच मुलगा अकोल्यात ३५ हजारांवर आठवड्याला ४८ तास काम करतो आणि घरी राहतो. १९२ तासांना भागले तर तासाला १८२ रुपये. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून पाहावेत. अकोल्यात ३५ हजार देणारे किती, हाही प्रश्न आहेच. पण एवढे दिसते की जास्त पगाराचा मोठा भाग हा जास्त तासांचा आणि परगावच्या खर्चाचा मोबदला असतो.

मग पुण्याला जायचे कशासाठी? शिकण्यासाठी आणि नावासाठी. पेढी पगाराबाहेर या दोनच गोष्टी देते आणि त्यांच्या बदल्यात पगारात न मोजलेला वेळ घेते. जोवर शिकणे चालू आहे तोवर सौदा बरा. तिसऱ्या वर्षीही तेच तक्ते, तेच रकाने भरणे चालू असेल आणि रात्री मात्र पहिल्या वर्षासारख्याच जात असतील, तर माल संपून नुसते भाडे भरल्यासारखे आहे. असमाधानी लोकांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले तर बहुतेकांची तक्रार नेमकी येथे येऊन थांबते.

म्हणून नेमणूकपत्र हाती आले की आकड्याखालच्या ओळी वाचाव्यात. पगारातला ठरलेला भाग किती आणि 'व्हेरिएबल', म्हणजे मिळाला तर मिळाला, असा भाग किती? नोकरी सोडताना नोटीस एक महिन्याची की तीन महिन्यांची? प्रशिक्षणाच्या नावाखाली बाँड आहे काय? त्याच पेढीत दोन वर्षे झालेल्या एखाद्या ओळखीच्या मुलाला गाठावे आणि "पगार किती" हे न विचारता "गेल्या सहा महिन्यांत नवीन काय शिकलास" असे विचारावे. त्याला उत्तर द्यायला वेळ लागला तर आपल्याला कळून चुकते.

आपल्या गावातील ऑफिसे

आता घराजवळ येऊ, कारण आपल्यातील बहुतेक मुले प्रत्यक्षात येथेच काम करतात. सी.ए.च्या अभ्यासक्रमात सी.ए.च्या हाताखाली जे प्रत्यक्ष शिक्षण घ्यावे लागते, ती 'आर्टिकलशिप' पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली. तिचा मोबदला हा पगार नसून विद्यावेतन आहे, आणि तो तुटपुंजा असतो. याला फसवणूक समजू नये. ती शागिर्दीच आहे. अट एवढीच की उस्तादने शिकवले पाहिजे. ज्याला दोन वर्षे नुसत्या पावत्या चिकटवायला आणि बँकेत चेक भरायला पाठवले, त्याचे वय वाया गेले.

आर्टिकलवाले सोडून जी मुले तेथे कायमची नोकरी करतात त्यांचा प्रश्न जास्त गंभीर आहे. २०१७ च्या कायद्याचे तासांचे व सुट्यांचे नियम दहा किंवा अधिक कामगारांच्या ऑफिसला होते, २०२५ च्या बदलात हा आकडा वीसवर नेला. चार-सहा माणसांचे ऑफिस तेव्हाही बाहेर होते, आताही आहे. ई.एस.आय. साधारणपणे दहा माणसांपासून लागू होते, प्रॉव्हिडंट फंड वीसपासून. म्हणजे लहान ऑफिसातल्या मुलाला कायद्याचा आधार जवळजवळ नाही, जे काही आहे ते साहेबांच्या भलेपणावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांनी नेमणूकपत्रावर भर दिला आहे. निदान तेवढे तरी मुलांनी मागून घ्यावे. साध्या कागदावर पगार, वेळ, सुटी आणि काम लिहून दोघांच्या सह्या झाल्या तरी पुढचे निम्मे वाद टळतात. देवाण-घेवाण लिहून ठेवावी ही ताकीद आपल्याला नवी नाही.

या मुलांना विचारले की त्यांची सर्वांत मोठी तक्रार साहेबांबद्दल नसते. ती आपल्याबद्दल असते. जी.एस.टी.चे विक्रीचे विवरण महिन्याच्या ११ तारखेला आणि कर भरण्याचे २० तारखेला द्यायचे असते, हे २०१७ नंतर बाजारात सगळ्यांना पाठ झाले आहे. तरी खरेदीची बिले पिशवीत भरून ती १९ च्या संध्याकाळी ऑफिसात नेऊन टाकण्याची आपली सवय गेली नाही. त्यातही काही बिले दुकानात राहतात, काहींवर नंबर नसतो. मग रात्री साडेदहाला ऑफिसातून फोन येतो, "चाचा, ओ.टी.पी. सांगा", आणि चाचा झोपलेले असतात. अशा साठ-सत्तर पिशव्या एकाच रात्री उघडाव्या लागल्या तर त्या मुलाने शिकायचे केव्हा आणि घरी जायचे केव्हा? फीही वर्षानुवर्षे तीच. ती वाढवा म्हटले की आपण दुसरा सल्लागार शोधतो, आणि मग साहेब मुलाचा पगार वाढवत नाहीत.

अमरावतीतील काही कापड व्यापाऱ्यांनी यावर सोपा तोडगा काढला आहे. दर सोमवारी दुकान उघडल्यावर मागच्या आठवड्याची बिले फोनवर फोटो काढून ऑफिसला पाठवायची आणि अस्सल बिले ५ तारखेला पोचवायची. विवरण वेळेत जाते, समोरच्या पार्टीने बिल दाखवले नसेल तर ते कर भरण्याआधी कळते आणि विलंब शुल्क वाचते. आणि त्या ऑफिसातला मुलगा २० तारखेला मगरिबच्या आत घरी पोचतो.